जमिनीपासून चार बोटं

विमल,

तुझ्या साल्व्हियाच्या झाडाबद्दल मी तुझ्याशी खोटं बोलले. हे आधीच सांगून टाकते, कारण इकडचं तिकडचं लिहीत बसले तर नेमकं तेवढंच राहून जाईल. हॉस्पिटलात, खिडकीजवळच्या खाटेवरून तू मला विचारलंस, "कात्री लावलीस का गं?" आणि मी म्हटलं, "लावली." लावली नव्हती. मी तेव्हा पिशवीतून मोसंबी काढत होते, त्यामुळे तुझ्याकडे बघावं लागलं नाही.

तुला जाऊन दोन महिने होत आले. तुझ्या पुण्यानुमोदनाला तुझ्या ऑफिसातले लोक बोलले, साताऱ्याहून तुझा भाऊ आला होता तो बोलला. सगळे चांगलंच बोलले आणि खरंही बोलले. मग मला बोला म्हणाले. घाटकोपरच्या या वसाहतीत पंधरा वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेली मी, मला नाही सांगणार तर कोणाला सांगणार? मी उठले, दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, बिचारीला रडू आलं. रडू तर आलंच होतं, पण बोलता येत नव्हतं ते वेगळ्याच कारणाने.

आपल्या दोघींच्या तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरांमागे, कंपाउंडच्या भिंतीपर्यंत, ती दहा-बारा फुटांची मातीची पट्टी. माझ्या बाजूला तुळस, अबोली आणि सासूबाईंचा गवती चहा. तुझ्या बाजूला नुसती विटांची खांडकं. तू सकाळी आठला ऑफिसला निघायचीस, भावोजी साकीनाक्याला वर्कशॉपात लेथवर, तुम्हाला दोघांना बाग करायला वेळ कुठला? मग गिरण्यांचा संप सुरू झाला तो उन्हाळा आला. आमचे हे घरी बसलेले, मी ब्लाउज शिवून घर ओढत होते आणि दिवसभर कोणावर ना कोणावर खेकसत होते. त्या दिवसांत एका संध्याकाळी तू वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक वाळकं झुडूप घेऊन मागच्या दाराशी उभी राहिलीस.

ऑफिसच्या बागेतलं होतं ते. माळी दर उन्हाळ्यात सगळी साल्व्हियाची रोपं उपटून ढिगावर टाकायचा आणि थंडीत नवीन लावायचा. एका सीझनचंच झाड असतं, असं त्याने तुला सांगितलं होतं. तू मात्र ढिगातून एक उचललंस, बुडाशी नखाने खरवडून बघितलंस आणि आत हिरवं दिसलं तेव्हा पिशवीत घातलंस. मी म्हटलं, मेलेलं झाड कशाला घरी आणतेस? तू म्हणालीस, "मेलंय कुठे? दमलंय." आणि माझ्यादेखत त्याच्या सगळ्या फांद्या कापून टाकल्यास. जमिनीपासून चार बोटं तेवढं ठेवलंस. मला ते बघवेना. मी दार लावून आत गेले.

पुढच्या रविवारी तू आणि भावोजी देवनारच्या डम्पिंगच्या जुन्या बाजूने एक पोतंभर माती घेऊन आलात. काळी, चहाच्या भुकटीसारखी मोकळी. मी नाक मुरडलं. कचऱ्याची माती माझ्या तुळशीच्या आसपाससुद्धा नको, असं मी तोंडावर सांगितलं. तू मूठभर उचलून माझ्या नाकाखाली धरलीस. वास येत नव्हता, आला असेल तर मातीचाच. तरी मी हटले नाही. तेव्हा तू हसून म्हणालीस, "तुझी तुळस सोवळ्यात असते वाटतं." ते मला लागलं, कारण सोवळं तुळशीचं नव्हतं, माझं होतं, आणि ते फक्त कचऱ्यापुरतं होतं का, हा प्रश्न तू मला कधी विचारला नाहीस. तू विचारू शकली असतीस. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले.

तो चार बोटांचा खुंट जगला. विटांचे तुकडे, वाळू आणि देवनारची माती मिसळून तू उंचवटा केला होतास, वर गुडघाभर उंचीवर एक पत्रा तिरका टेकवला होतास, म्हणजे पावसाचं पाणी बुडाशी साचणार नाही. श्रावणात फुटवे आले, दिवाळीच्या आत तुरे आले. निळे. मी साल्व्हिया लालच बघितला होता. कुठे कुठे दवाखान्यांच्या बाहेर असतो तो, भडक. हा निळा वेगळाच होता, शाईच्या दौतीत बोट बुडवल्यावर नखाशी राहतो तसा. संक्रांतीपर्यंत ते झाड माझ्या कमरेला लागलं. वसाहतीतल्या बायका मुद्दाम वळसा घालून बघायला येऊ लागल्या आणि मी तुझ्यापेक्षा जास्त तोऱ्याने दाखवू लागले.

त्यानंतर पाच वर्षं आपण त्या झाडावरून भांडलो. मी तांदूळ धुतलेलं पाणी ओतायची, तू ओरडायचीस. बोट मातीत टोचून बघ, कोरडं लागलं तरच पाणी, असा तुझा नियम. मी शेणखत घालू म्हणायची, तू म्हणायचीस, पानं माजतील आणि फुलं रुसतील. पण खरं भांडण कात्रीचं. वाळलेला तुरा तू पानांच्या जोडीपर्यंत कापायचीस, ते ठीक होतं. पण वर्षातून एकदा तू सगळं झाड कापायचीस, फुलं असतानासुद्धा, आणि ते मला कधीच पटलं नाही.

त्याला तुझा दिवस ठरलेला होता. वैशाखी पौर्णिमेला तू पांढरी साडी नेसायचीस, सगळे तुरे काढून थोडे विहारात न्यायचीस आणि थोडे घरी बुद्धाच्या मूर्तीपुढे ठेवायचीस. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी कात्री. त्यानंतर पाऊस यायला तीन-चार आठवडे मिळायचे, तेवढ्यात जखमा सुकायच्या आणि पत्र्याखाली बसेल एवढंच झाड राहायचं. मी दरवर्षी आतून बडबडायची की आज नको, आणखी आठ दिवस राहू दे, फुलं आहेत अजून. कात्रीसुद्धा माझीच होती ती. माझी ब्लाउजची जुनी, धार गेलेली. भावोजींनी वर्कशॉपात तिला अशी धार काढून आणली होती की बोटाएवढी फांदी आवाज न करता तुटायची.

"दिवसभर लोकांचं कापड कापतेस," तू एकदा मला सुनावलंस, "तुळशीच्या मंजिऱ्या रोज सकाळी खुडतेस, तेव्हा दया येत नाही?"

तुळशीचं वेगळं, मी म्हटलं. तू साल्व्हियाची एक काडी माझ्या बोटांत फिरवून दाखवलीस. चौकोनी. मग तुळशीची दाखवलीस. तीही चौकोनी. "एकाच खानदानातल्या आहेत दोघी. तू एकीला दमात घेतेस आणि दुसरीला लाडावतेस." मी तेव्हा हसले. पण मला कापण्याची भीती का वाटते, हे तुला ठाऊक होतं. माझ्या आईला ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं ती परत आली नाही. तेव्हापासून सुरी, टाके असे शब्द निघाले की माझे हात गार पडतात. माझी कात्री कापडावर चालते तेवढीच.

या माघात तुझ्या पोटातल्या गाठीचं निघालं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की गर्भाशय काढावं लागेल आणि उशीर नको. होळीनंतरचा सोमवार ठरला. तू येऊन मला सांगितलंस तेव्हा मी मशीनवर होते. पाय थांबले माझे. आणि मग मी जे बोलले ते शब्द मला अजून जसेच्या तसे आठवतात. मी म्हटलं, "बाईचं तेच काढून टाकलं तर राहिलं काय गं?"

तुला मूल नव्हतं. मला माहीत होतं. किती वर्षं तू ते न बोलता काढलीस, हेही माहीत होतं. तरी माझ्या तोंडातून ते गेलं. तू मशीनवरचा ब्लाउज उचललास, बाहीची शिलाई बघितलीस आणि ठेवून दिलास.

त्यावर थांबले असते तरी ठीक होतं. पण मी तुला न विचारता गावी दिरांना पत्र टाकलं, आमच्या ग्रामदेवाला कौल लावायला. आमच्याकडे कोकणात असंच करतात. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, मनातला प्रश्न सांगायचा आणि वाट बघायची. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. लग्न असो, घर असो, नोकरी असो, आमचं पान हलत नाही त्याशिवाय. प्रश्न होता, विमलने ऑपरेशन आता करावं का? कार्ड आलं. डावा कौल. पावसाळा होऊ द्यावा, असं गुरवाने वर स्वतःचं जोडलं होतं.

मी ते कार्ड घेऊन मागच्या दारी आले. तू वाळके तुरे काढत होतीस. ऐकून तू मोठ्याने हसलीस. म्हणालीस, "तुझ्या देवाला माझं पोट कधी दाखवलंस तू?" मग हात पुढे करून कार्ड मागितलंस आणि वाचलंस. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलंस. मी तुझ्यासमोर उभी होते, विमल. मी बघितलं. ज्या बाईने आयुष्यात एक उपास केला नाही, अमावास्येला नवीन कपबश्या आणल्या, ती बाई ते कार्ड दोनदा वाचते म्हणजे ती घाबरलेली आहे, तिला कोणीतरी थांब म्हणायला हवं आहे, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मला कळलंही असेल. पण मीही घाबरलेलीच होते, आणि दोन घाबरलेल्या बायकांचं लगेच एकमत होतं. सोमवारी तू भरती झाली नाहीस.

चैत्र बरा गेला. वैशाख लागला आणि तुला रक्तस्राव सुरू झाला, तो थांबेना. मग धावपळ, रिक्षा, हॉस्पिटल. उघडून बघितलं तेव्हा गाठ पसरली होती. आधी केलं असतं तर काय झालं असतं, असं मी डॉक्टरांना बाहेर गाठून विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. ते वाक्य मी रोज सकाळी उठल्यावर स्वतःला ऐकवते. दुपारपर्यंत ते पुरत नाही.

पौर्णिमेला तू हॉस्पिटलातच होतीस. मी पहाटे तुझे तुरे काढले, अर्धे विहारात पोहोचवले, अर्धे तुला आणून दिले. तू ते छातीवर धरून झोपलीस. निघताना म्हणालीस, "उद्या कात्री. चार बोटं ठेव. विसरू नकोस." मी हो म्हटलं आणि मनापासून म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कात्री घेऊन मी पट्टीत बसले सुद्धा. रात्रीतून नवे तुरे डोकं वर काढत होते. सासूबाई मागच्या पायरीवर तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "माणूस आजारी आसताना तेच्या झाडाक सुरी लावू नये गो." तेवढं पुरलं मला. त्यांच्या माथी मारत नाही मी. त्या म्हणाल्या नसत्या तरी मला दुसरं काहीतरी सापडलं असतं. तू तिकडे पोटाला टाके घेऊन पडलेली आणि इकडे मी तुझं झाड जमिनीपर्यंत कापायचं, हे माझ्याच्याने होणार नव्हतं. तू घरी येशील तेव्हा ते फुललेलं दिसावं, असंही वाटत होतं. मी कात्री उचलून आत ठेवली आणि दुपारी तुला सांगितलं, लावली.

आणि आठ दिवसांनी मी तुला फुलं आणून दिली. किती मूर्ख असावं माणसाने? आदल्या दिवशी तू फार उतरलेली दिसली होतीस, म्हणून मी चार ताजे तुरे खुडून नेले. तू ते हातात घेतलेस. तुऱ्यांकडे बघितलंस, मग माझ्याकडे.

"कुठले गं?"

"आपलेच."

तू हसून म्हणालीस, "छान आहेत." एवढंच. जमिनीपासून चार बोटांवर कापलेल्या झाडाला आठ दिवसांत तुरे येत नाहीत, हे मला तिथे उभं असताना सुचलं नाही. पाच वर्षं तुझ्या शेजारी बसून मी ते झाड बघितलं होतं, तरी सुचलं नाही. मला फक्त तू हसलीस याचा आनंद झाला.

मग तू सांगितलंस की नुसते तुरे आणू नकोस, रोज लांब काडीसकट आण, बुडाजवळून कापलेल्या, सलाईनच्या बाटलीत नीट राहतात. सिस्टरकडून मागून घेतलेली काचेची रिकामी बाटली तू खिडकीत ठेवली होतीस. मी दोन दिवस तशा आणल्या, सात-आठ असतील. तिसऱ्या दिवशी झाडाकडे पाहिलं तर एक बाजू बोडकी दिसत होती. त्या दिवसापासून मी पुन्हा वरचे तुरेच खुडून आणू लागले. तू ते हातात घेऊन काडीची लांबी बघितलीस आणि त्यानंतर मला काही सांगितलं नाहीस. बाटलीतल्या जुन्या काड्यांची फुलं गेलेली मी पाहिली होती. नुसत्या पानांच्या काड्या पाण्यात उभ्या. साल्व्हियाची फुलं झडतातच, असं मी धरून चालले.

पाऊस लागला. कमरेएवढं झाड तुझ्या गुडघाभर पत्र्याखाली बसेना, म्हणून मी पत्रा काढून भिंतीला लावून ठेवला. पहिल्याच आठवड्यात पानांच्या भाराने ते आडवं झालं. मी काठ्या लावल्या, ब्लाउजच्या चिंध्यांनी बांधलं. बुडाशी पांढरी बुरशी धरली. एके सकाळी मी एक फांदी उभी करायला गेले तर अख्खं झाड हातात आलं, मुळाशिवाय. खालचा भाग शिजवलेल्या भाजीसारखा झाला होता. मी ते कंपाउंडच्या भिंतीपलीकडे टाकलं, कोणी बघत नाही ना याची खात्री करून.

त्या दुपारी मी तुझ्याकडे रिकाम्या हाताने आले. तू झाडाबद्दल विचारलं नाहीस. एकदाही नाही. माझा हात हातात घेतलास आणि म्हणालीस, "किती गार पडतात गं तुझे हात." नवव्या दिवशी तू गेलीस.

पुण्यानुमोदनानंतरच्या रविवारी सकाळी भावोजी आले. हातात दुधाच्या पावडरचा मोठा डबा. तळाला भोकं पाडलेला, आत तीन रोपं, प्रत्येकी चार-पाच पानांची. काखेत कापडात गुंडाळलेलं काहीतरी. डबा त्यांनी माझ्या मशीनशेजारी ठेवला आणि सांगितलं की या मी आणलेल्याच काड्या. बाटलीत त्यांना मुळं धरली होती. तू भावोजींना त्या डब्यात लावायला सांगितल्यास आणि घरी आणू नका म्हणालीस, म्हणून इतके दिवस तो डबा साकीनाक्याला वर्कशॉपच्या पत्र्याखाली होता. पहिला तुरा आला की शेंडा कापायचा, म्हणजे रोप भरतं. आणि तो नलूनेच, म्हणजे मीच, कापायचा, त्यांनी हात लावायचा नाही, अशी तुझी ताकीद होती. कापडात कात्री होती. तू गेल्यावर सासूबाईंकडून मागून नेली असेल त्यांनी, मला पत्ताच नव्हता. नवी धार काढून आणली होती.

मी त्या डब्याकडे बघत राहिले आणि माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. लांब काड्या. बुडाजवळून. रोज. तू माझं खोटं पहिल्या तुऱ्यालाच ओळखलं होतंस, आणि मला पकडायच्या ऐवजी थोडं थोडं करून माझ्याच हाताने ते झाड कापून घेत होतीस. तेही मी पुरं होऊ दिलं नाही. मग तुला कळलं की मोठं झाड काही वाचत नाही, आणि तू काड्यांच्या मागे लागलीस. पोटाला नळ्या लावलेल्या बाईने सलाईनच्या बाटलीत काड्या जगवल्या.

मग मी भावोजींना कौलाचं सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं. पत्र, कार्ड, डावा कौल, मशीनवर बसून मी बोललेलं ते वाक्य, सगळं. ते उभेच होते. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. तू त्यांना एवढंच म्हटलं होतंस की पावसाळ्यानंतर करू, मला आता नको. माझं नावसुद्धा घेतलं नव्हतंस.

त्यांनी कात्रीचं कापड उचलून त्याची घडी घातली. मग म्हणाले, "मला माहीत असतं ना वहिनी, तर मी तिला उचलून नेलं असतं."

चहा ठेवला होता, तो न घेता गेले. तेव्हापासून दिसले तर मान हलवतात. मी त्यांना दोष देत नाही. मला उलट त्या एका वाक्याचा आधार वाटतो, कारण इतके दिवस सगळे माझं सांत्वन करत होते. शेजारीण गेली, जिवाभावाची गेली, तुम्ही किती केलंत तिचं. किती केलं ते एकट्या भावोजींना कळलं आणि त्यांनी ते पुसून टाकलं नाही.

तू मला माफ केलंस का, हे मला माहीत नाही. डबा म्हणजे माफी, असं समजून घेणं फार सोपं आहे, आणि सोप्या गोष्टी धरून बसायची माझी खोड तुला ठाऊक आहे. तू कोणाला धडे देणारी बाई नव्हतीस. तुला रोप जगवायचं होतं, आणि पुढे ते माझ्याच हातात असणार होतं, एवढंच असेल. कार्ड वाचल्यावर तू माझ्यावर चिडली होतीस का? सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना माझ्या दारावरून गेलीस तेव्हा थांबलीस का? हे विचारायला पाहिजे होतं. हॉस्पिटलात रोज दोन तास बसून मी तुला वसाहतीतल्या नळाच्या भांडणांच्या गोष्टी सांगत राहिले.

आणि हेही सांगायचं राहिलं. संपाच्या त्या वर्षी तू तुझ्या ऑफिसातल्या सगळ्या बायकांचे ब्लाउज माझ्याकडे आणलेस. आमची चूल त्यावर पेटली. तू ते असं आणायचीस, जणू त्या बायकांनाच माझी गरज आहे. "आमच्या मॅडम म्हणतात, याच हाताला बाही बसते." मला तेव्हा समजत होतं, तरी मी कधी धन्यवाद म्हटलं नाही. मैत्रिणीला कसले धन्यवाद, असं वाटायचं. आता वाटतं की म्हणायला हवं होतं, एकदा तरी, तू चिडवलं असतंस तरी.

डब्यातली दोन रोपं राहिली. तिसरं मी जास्त पाण्याने घालवलं, खोटं का बोलू. मग मी तुमच्या मागच्या दाराशी पडलेलं ते देवनारचं पोतं उघडलं. तळाशी दोन घमेली माती शिल्लक होती. विटांचे तुकडे कुटले, वाळू घातली, हातांनी कालवली आणि रोपं तुझ्या उंचवट्यावर लावली. पत्रा गुडघ्याएवढ्या उंचीवर टेकवला. उरलेली माती तुळशीला घातली. सासूबाई बघत होत्या. कसली माती, म्हणून विचारलं त्यांनी. विमलची, मी म्हटलं.

रोज सकाळी बोट टोचून बघते. कोरडं लागलं तरच पाणी देते. तांदळाचं पाणी मोरीत ओतते आणि दर वेळी माझा हात पट्टीकडे वळतो.

आज सकाळी मोठ्या रोपाला पहिला तुरा दिसला. नखाएवढा, अजून करडा, टोकाशी तेवढी निळी चाहूल. मला वाटलं, राहू दे ना. पहिला आहे. तुझ्या जाण्यानंतरचा पहिला. आठ दिवस फुलू दे, मग कापू. हे सगळं माझ्या मनात बरोबर त्याच क्रमाने आलं, ज्या क्रमाने आधी दोनदा आलं होतं, आणि मी ते ओळखलं.

आत गेले. कात्री आणली. हात गार पडले होते, तसेच राहू दिले. पानांची दुसरी जोडी मोजली आणि तिच्यावर पातं धरलं. आवाज झाला नाही. एवढासा तुरा तळहातावर घेऊन थोडा वेळ बसले, मग उठून तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजात अडकवला. भावोजी कामावरून आले की त्यांना दिसेल.

विमल, कात्री लावली. या वेळी खरंच लावली.